मुक्ताच्या भरतीविषयी मित्रास पत्र

सॅन अँटोनियो, टेक्सस
१८ ऑक्टोबर

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. हायस्कूल संपताच अमेरिकी सैन्यात भरती व्हायचे मुक्ताने मनावर घेतले आहे, आणि संगणकाचे काम शिकायला मिळावे व कॉलेजचा खर्च तुझ्यावर पडू नये अशी दोन कारणे तिने त्यासाठी दिली आहेत, हे वाचून वहिनींची झोप उडाली असेल याची मला कल्पना आहे. तरीही वडिलांवर कर्ज नको म्हणून स्वतःची वाट शोधणाऱ्या या मुलीचे मला मनापासून कौतुक वाटते, हे आधी सांगतो. मी ज्या कम्युनिटी कॉलेजात नेटवर्किंग शिकवतो, तेथे लॅकलँडचा हवाई तळ जवळ असल्यामुळे सैन्यात असलेली किंवा नुकतीच बाहेर पडलेली मुले-मुली दर सत्रात माझ्या वर्गात असतात. त्यांच्याकडून जे कळत आले, त्याच्या आधाराने हे लिहीत आहे.

पैशाचा प्रश्न आधी घेतो, कारण तो त्यातल्या त्यात सोपा आहे. सैन्यातील सेवेच्या बदल्यात शिक्षणाचा खर्च देणारा, जीआय बिल या नावाने ओळखला जाणारा कायदा १९४४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सहीने झाला आणि त्याचे आजचे रूप ऑगस्ट २००९ पासून लागू आहे. आर्मी, नौदल, हवाई दल, मरीन कोअर, कोस्ट गार्ड आणि स्पेस फोर्स या सहाही दलांत हा लाभ सारखाच आहे. ३६ महिने पूर्णवेळ सेवा झाली की ३६ महिन्यांच्या शिक्षणाचा पूर्ण लाभ मिळतो, म्हणजे नऊ-नऊ महिन्यांची चार शैक्षणिक वर्षे. तुमच्या न्यू जर्सीतील रटगर्ससारख्या सरकारी विद्यापीठाची, राज्यातील विद्यार्थ्याला लागू असलेली सगळी फी भरली जाते, पुस्तकांसाठी वर्षाला १,००० डॉलरपर्यंत मिळतात, आणि सार्जंट हुद्द्याच्या कुटुंब असलेल्या सैनिकाला त्या गावी जितका घरभत्ता मिळतो, तितका विद्यार्थ्याला शिकत असताना दरमहा मिळतो. सगळेच वर्ग ऑनलाइन घेतले, तर मात्र हा भत्ता देशाच्या सरासरीच्या निम्म्यावर येतो. खासगी विद्यापीठाच्या फीला वार्षिक मर्यादा आहे. एखाद्या कामासाठी माणसे कमी पडत असतील तर वर जादा रक्कमही देऊ करतात, पण ती करारात लिहिलेली असेल तरच खरी. तेव्हा कॉलेजच्या पैशाकडे बघून दल निवडण्याचे काही कारण नाही.

फरक पडतो तो सेवेत असताना किती शिकता येते, याने. सेवेतल्या माणसाला ट्यूशन असिस्टन्स नावाची वेगळी मदत मिळते, साधारणपणे क्रेडिटमागे, म्हणजे कॉलेजचा अभ्यास ज्या एककात मोजतात त्यामागे, २५० डॉलरपर्यंत आणि वर्षाला ४,५०० डॉलरपर्यंत, आणि तिच्यामुळे जीआय बिलाला हात लावावा लागत नाही. हवाई दलाकडे त्याखेरीज १९७२ पासून स्वतःचे कम्युनिटी कॉलेज आहे. तांत्रिक प्रशिक्षणाचीच क्रेडिट्स तेथे धरली जातात, आणि थोडे विषय पूर्ण केले की दोन वर्षांची असोसिएट पदवी हाती येते. स्पेस फोर्सच्या सैनिकांनाही हे कॉलेज खुले आहे. मुक्ताच्या दोन्ही हेतूंचा विचार करता हवाई दलाकडे माझा कल आहे तो मुख्यतः यामुळे.

तरी नौदलाविषयी एक गोष्ट तिच्या कानावर घाल. माझ्या वर्गात विमानवाहू जहाजावर नेटवर्क सांभाळलेली एक मुलगी होती. समुद्रात असताना इंटरनेट जहाजाच्या कामासाठी राखून ठेवावे लागे, त्यामुळे तिचा ऑनलाइन अभ्यास सारखा तुटायचा आणि अखेरीस तिला ते सत्रच सोडून द्यावे लागले. पण प्रयोगशाळेत मी मुद्दाम बिघडवून ठेवलेले नेटवर्क समोर आले, की बाकीची मुले कीबोर्डाकडे धावत आणि ही आधी रॅकच्या मागे जाऊन एकेक केबल बोटांनी चाचपून बघे, मग स्विचवरचे दिवे वाचे, आणि त्यानंतरच खुर्चीवर बसे. मध्यरात्री उपकरण बंद पडले आणि मदतीला बोलवायला कोणतीही कंपनी नाही, अशा ठिकाणी विसाव्या वर्षी जबाबदारी घेतलेल्या माणसाचा हात असाच तयार होतो. ते शिक्षण मी वर्गात देऊ शकत नाही, हे मला मान्य केले पाहिजे.

कामाच्या दृष्टीने पाहिले तर प्रत्येक दलात दोन थर आहेत. एक थर नेटवर्क, सर्व्हर आणि वापरणाऱ्यांच्या रोजच्या अडचणी सांभाळणाऱ्यांचा. आर्मीत या कामाचा संकेतांक २५बी आहे आणि त्याचे प्रशिक्षण जॉर्जियातील फोर्ट गॉर्डनला होते. हवाई दलातील मुले यासाठी मिसिसिपीतील कीस्लर तळावर जातात. दुसरा थर सायबर लढाईचा, म्हणजे आर्मीतील १७सी किंवा नौदलातील सायबर वॉरफेअर टेक्निशियन; या नौदलवाल्यांचे प्रशिक्षण फ्लोरिडातील पेन्साकोलाला होते. दुसऱ्या थरासाठी परीक्षा कठीण आणि करारही बहुधा चारऐवजी पाच-सहा वर्षांचा असतो. मरीन कोअरमध्ये अनेकदा एका कामाऐवजी कामांच्या गटावर करार होतो, म्हणून मुक्ताला मी ते सुचवणार नाही. कोस्ट गार्डचे पायाभूत प्रशिक्षण तुमच्याच राज्यात केप मे येथे होते आणि वहिनींना ते आवडेलही, पण ते दल लहान आहे आणि संगणकाच्या जागाही मोजक्याच. डिसेंबर २०१९ मध्ये स्थापन झालेले स्पेस फोर्स तर त्याहून लहान आहे.

आता कराराविषयी, आणि येथे तू स्वतः तिच्या शेजारी बसावेस असे मला वाटते. आसव्हॅब नावाच्या परीक्षेत भरतीसाठी एक गुण धरतात आणि कामासाठी वेगवेगळ्या विषयांच्या बेरजा, म्हणून पहिला गुण चांगला आला तरी हवे ते काम मिळेलच असे नाही. माझ्या एका विद्यार्थ्याला भरती अधिकाऱ्याने "आधी सही कर, संगणकाचे काम आत गेल्यावर मागून घे" असे सांगितले होते. त्याने चार वर्षे गोदामात सामानाचा हिशेब ठेवला आणि संगणकाचा पहिला धडा माझ्या वर्गात गिरवला. तोंडी वचनाला तेथे काहीही किंमत नाही. कामाचा संकेतांक, कराराची वर्षे आणि जादा रक्कम कागदावर छापलेली दिसल्याशिवाय सही करू नये, आणि हवे ते काम त्या दिवशी नसेल तर उठून घरी यावे. शिवाय करार चार वर्षांचा दिसला तरी एकूण बांधिलकी आठ वर्षांची असते. उरलेला काळ नाव राखीव यादीत राहते आणि गरज पडली तर परत बोलावता येते.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. मुक्ताकडे ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्व नाही. ग्रीन कार्डावर भरती होता येते, पण गोपनीय माहितीची परवानगी, ज्याला सगळे क्लिअरन्स म्हणतात, ती नागरिकालाच मिळते, आणि संगणकाच्या बहुतेक सगळ्या कामांना ती लागते. सैन्यातून नागरिकत्व लवकर मिळण्याची कायद्यात सोय आहे हे खरे, पण काम ठरते सही करताना, आणि नागरिकत्व मिळते त्यानंतर. म्हणजे आज ती गेली, तर ज्यासाठी जायचे तेच दार बंद असेल.

नागरिकत्व मिळाल्यानंतरही चौकशीचा अर्ज लांबलचक आहे. राहिलेली ठिकाणे, परदेशातील जवळचे नातेवाईक, ज्यांच्याशी जिव्हाळ्याचे संबंध आहेत अशी परदेशी माणसे, परदेशातील मालमत्ता, सगळे लिहावे लागते. वाईच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर तुझ्या वडिलांनी नातवंडांची नावे लावली असतील, तर तो हिस्साही त्यात आला. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, कारण नातेवाईक भारतात आहेत म्हणून कोणाला आपोआप नकार मिळत नाही. माहिती लपवली तर मात्र मिळतो.

आणि शेवटची गोष्ट अशी की, भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, आणि परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणाऱ्या ज्या ओसीआय कार्डाच्या भरवशावर आपण सगळे असतो, ते परदेशी सैन्यात असलेल्या किंवा तेथून निवृत्त झालेल्या व्यक्तीला मिळत नाही. आजीला भेटायला वाईला जाताना मुक्ताला इतर परदेशी माणसांसारखा व्हिसा काढावा लागेल, आणि क्लिअरन्स असेपर्यंत त्या प्रवासाची आगाऊ माहितीही द्यावी लागेल. अविनाश, हे तिला भरतीपूर्वी कळलेच पाहिजे. ती कदाचित म्हणेल की चालेल, आणि तसे म्हणण्याचा तिला अधिकार आहे. पण विशीतल्या मुलीला हे सही केल्यानंतर कळावे, हे मला सहन होणार नाही.

म्हणून माझे मत असे की, तुमच्या नागरिकत्वाला जो थोडा काळ उरला आहे, तो तिने एडिसनच्या मिडलसेक्स कॉलेजात काढावा, गणित आणि संगणकाची क्रेडिट्स मिळवावीत, आणि सिक्युरिटी प्लस ही संगणक सुरक्षेची परीक्षा देऊन टाकावी. पदरी पुरेशी क्रेडिट्स असली तर भरतीच्या वेळी हुद्दाही वरचा मिळतो. नागरिकत्व हाती आल्यावर हवाई दल, ते जमले नाही तर आर्मीतील २५बी, हा माझा क्रम. तोपर्यंत तिचे मन पदवीकडे वळले, तर आरओटीसीची, म्हणजे कॉलेजात शिकता शिकता लष्करी अधिकारी घडवणाऱ्या कार्यक्रमाची, शिष्यवृत्ती घेऊन अधिकारी होण्याचाही मार्ग आहे. त्यालाही नागरिकत्व लागतेच.

वहिनींनी विचारले आहे की संगणकावर बसणाऱ्यांना युद्धावर पाठवतात का. पाठवतात. नेटवर्क जेथे लागते तेथे ते सांभाळणारी माणसेही जातात, आणि मुक्ताच्या वयाच्या मुलीने हे नीट समजून घेतल्याशिवाय शपथ घेऊ नये.

नाताळच्या सुट्टीत तिला इकडे पाठव. हवाई दलात आणि आर्मीत काम केलेल्या माझ्या दोन विद्यार्थिनी तिच्याशी बोलायला तयार आहेत, आणि आई-वडिलांसमोर जे प्रश्न ती विचारणार नाही, ते त्यांना विचारील. तिने आसव्हॅबची सराव परीक्षा दिली असेल, तर तिचे विषयवार गुण मला आधी कळव.

वहिनींना व तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

तुझा,
मिलिंद