बाबा, गाडी सर्व्हिसिंगला नेली नव्हती

आई-बाबा,

रविवारी निघताना दादा गाडी घेऊन गेला ना, ती सर्व्हिसिंगला नाही नेली बाबा. ती इथे पुण्यात माझ्या पार्किंगमध्ये आहे आणि वाईला परत येणार नाही. तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही म्हणून लिहितेय. रागवा, दोन दिवस बोलू नका, चालेल, पण आधी पूर्ण वाचा.

गणपतीच्या आधी व्हिडिओ कॉलवर तुम्ही पाण्याच्या टाकीचं सांगत होतात आणि मधेच थांबलात. नजर एका जागी, ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलत होते आणि हाताने शर्टाचं तेच एक बटण चाचपत होतात. मी नेटवर्क गेलं म्हणून फोन ठेवला. बोटं हलताना दिसत होती, मग नेटवर्क कसं जाईल, एवढं माझ्या डोक्यात आलं नाही. ती फिट होती. रोज रात्री आठवतं ते बटण. आपल्याला फिट म्हणजे माणूस पडतो, फेस येतो एवढंच माहिती, पण या वयात बऱ्याचदा अशीच येते, मिनिटभर हरवल्यासारखी, आणि नंतर कितीतरी वेळ गोंधळ, म्हणून तर आपण सगळे आणि पहिले डॉक्टरसुद्धा वयाचा विसरभोळेपणा म्हणत बसलो.

आई, तू विचारलंस ना, घरात कोणाला नाही मग यांना कुठून. कोणाचं काही लागलेलं नाही गं. तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला त्याचा व्रण मेंदूत राहिलाय, तिथून येतंय हे, उतारवयात फिट सुरू होण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच. आणि गोळ्यांनी बहुतेकांची आटोक्यात राहते. शेजारी 'चक्कर आली' म्हणून नको सांगूस, खरं सांग, वेळेला तेच धावून येणार आहेत.

बाबा, गाडी चालवताना असं मिनिटभर झालं आणि समोर शाळेतली पोरं असली तर? लायसन्सच्या फॉर्मवरही फिट येते का हे विचारतातच. रिक्षावाल्या काकांशी बोललेय, रोज सकाळी साडेसहाला दारात येतील, घाट, मग दूध, मंडई, जिथे म्हणाल तिथे, पैसे महिन्याचे मी देतेय. पेपर घरी टाकायला सांगितलाय. घाटावर जायला कोणी अडवत नाहीये, पायऱ्यांवर बसा हवं तेवढं, फक्त पाण्यात एकट्याने उतरायचं नाही. मला पाठीला भोपळा बांधून तिथेच पोहायला शिकवलंत, पोटाखाली तुमचा हात असायचा आणि तो कधी काढलात ते मला कळलंच नाही. म्हणून हे लिहिताना जास्त जड जातंय.

आता आई, हे नीट वाच. गोळी सकाळी आठ, रात्री आठ. एकादशी असली तरी. पाण्याबरोबर गोळी घेतली तर उपास मोडत नाही आणि मोडला तर मोडू दे. पाकीट संपायच्या आठ दिवस आधी मला सांग, दुकानदार दुसऱ्या कंपनीची देतो म्हणाला तर घेऊ नकोस, आधी फोन कर. चिडचिड, झोप या गोळीनेही वाढते, तसं वाटलं तर डॉक्टरांना विचारू, मनाने बंद करायची नाही. अंगदुखीची, सर्दीची गोळीसुद्धा विचारल्याशिवाय नाही. बाथरूमची कडी मी काढलीय, स्टुलावर बसूनच आंघोळ.

आणि पुन्हा मोठी फिट आली तर कांदा नको, चप्पल नको, दातात चमचा तर अजिबात नको. चष्मा काढ, डोक्याखाली उशी, कुशीवर वळव, हातपाय दाबून धरू नकोस आणि घड्याळ बघ. पाच मिनिटांत थांबली नाही तर 108. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. तू गेल्या वेळी घाबरून चमचा घातलास त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नकोस, कोणी शिकवलंच नव्हतं आपल्याला.

शनिवारी येतेय, मेथीची भाजी करून ठेव. तोपर्यंत रात्री आठची गोळी झाली की बाबांनी स्वतः मिस्ड कॉल द्यायचा, रागावलेले असले तरी.

तुमची,
चिमी