मंत्रीमहोदय, पोर आम्ही पैशासाठी सांभाळत नाही

मा. मंत्री, महिला व बाल विकास,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

सोमवारी कोल्हापुरातल्या एका सरकारी कार्यालयात, आम्ही प्रतिपालक म्हणून सांभाळत असलेल्या मुलीच्या थकलेल्या अनुदानाची चौकशी करायला गेले होते. दिवाळीआधी सगळे पैसे खात्यात पडतील, असं तिथूनच सांगितलं होतं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. साहेबांनी फाईलही उघडली नाही. म्हणाले, “पोर तुमची न्हाई, मग पैशासाठीच सांभाळताय न्हवं?” मुलगी माझा हात धरून शेजारीच उभी होती. नऊ वर्षांची आहे, सगळं कळतं तिला.

बाल कल्याण समितीने लेखी आदेश देऊन तिला आमच्या घरी ठेवलंय. वडील नाहीत, आई आजारी. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४४ मध्ये आमच्यासारख्या घरांची, म्हणजे दुसऱ्याचं मूल काही काळ सांभाळणाऱ्या प्रतिपालकांची, तरतूद आहे. हे दत्तक नव्हे. आई सावरली की पोर परत जाणार, हे ठाऊक असून जीव लावायचा.

आली तेव्हा तिचे कपडे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत होते. गल्लीत चारचाकी थांबली की पिशवी उचलून दारात उभी राहायची. जोतिबाची यात्रा झाली तरी तिने कपाटात एक फ्रॉक ठेवला नव्हता. रात्री अंथरूण ओलं व्हायचं. तिला लाज वाटू नये म्हणून कुणी उठायच्या आत ते धुऊन टाकायचं. आईच्या भेटीला न्यायचं, येताना एसटीत तिचं रडणं मांडीवर घ्यायचं. हे तुमच्या कुठल्या रजिस्टरात लिहितात?

केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेच्या नियमांत प्रतिपालकत्वाला महिन्याला ४००० रुपये आहेत, म्हणजे दिवसाला १३३. राज्याच्या बालसंगोपन योजनेत २२५०, म्हणजे ७५. त्यात दूध, वह्या, रिक्षामामा, ताप आला तर डॉक्टर. तेही वेळेवर नाहीत. आमचे मालक फाउंड्रीत पाळी करतात. यंदा तिच्या फीसाठी मी कानातलं गहाण टाकलं. आजवर कुणाला बोलले नव्हते. पैशासाठी पोर सांभाळणारी बाई असं करेल?

कोल्हापुरात तुम्हा लोकांचं भाषण शाहू महाराजांच्या नावाशिवाय सुरू होत नाही. कागलच्या घाटग्यांचं ते मूल १८८४ साली दत्तक येऊन या गादीवर बसलं. त्या राजाने परगावच्या गरीब पोरांसाठी १९०१ पासून बोर्डिंगं उभी केली, जागा दिली, पैसा दिला. तुमच्याकडे फलकांना पैसा आहे, मेळाव्याच्या मांडवाला आहे. पोरांचं अनुदान तेवढं ‘वरून आलं नाही’. आणि शाळा असो, बँक असो, एकच धोशा: आईवडिलांची सही आणा. गेलेल्या बापाची सही कुठून आणू? सरकारने सरकारचाच कागद मानायचा नाही, तर तो आमच्या हातात दिला कशाला?

थकलेले पैसे येत्या पाच तारखेच्या आत जमा करा. समितीचा आदेश शाळा, बँक, दवाखान्यांनी मानावा, असं परिपत्रक काढा. आणि त्या साहेबांनी मुलीसमोर काढलेले शब्द मुलीसमोरच मागे घ्यावेत. सोमवारपासून ती विचारतेय, “काकू, पैसं न्हाई आलं तर मला परत धाडणार काय?” मी नाही म्हणून सांगितलंय. तुमचं उत्तर काय, ते लेखी कळवा.

आपली,
एक प्रतिपालक आई, कोल्हापूर