रौलीबाई, तुमच्या पंधरा-सतरासाठी

आदरणीय डॉ. जॅनेट रौली यांस,
स. न. वि. वि.

माझ्या भाच्याच्या फाइलमध्ये बोन मॅरोच्या रिपोर्टवर एक ओळ आहे : टी(15;17) पॉझिटिव्ह, म्हणजे 15 आणि 17 क्रमांकाच्या क्रोमोसोमनी (गुणसूत्रांनी) आपापले तुकडे अदलाबदल केलेत. घरच्यांना त्यातलं काही कळलं नाही, कळायचं कारणही नव्हतं. मला कळलं, कारण मी सांगलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. ती ओळ वाचून मी चक्क हुश्श केलं. पोराला ब्लड कॅन्सर झालाय आणि मावशी हुश्श करतेय, हे बघून बहीण माझ्यावर भडकली. तिचं बरोबरच होतं. पण ल्युकेमियाच व्हायचा असेल तर हा, एपीएल (अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया) व्हावा, असं आमच्या क्षेत्रात सगळे म्हणतात. आणि हा कुठला, हे एका ओळीत सांगता येतं ते तुमच्यामुळे; ही अदलाबदल शिकागोत तुम्हीच शोधलीत. तुम्ही 2013 च्या डिसेंबरात गेलात, तरी आभार मानायचे राहून जायला नकोत.

पोरगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं, पायांवर काळेनिळे डाग उठले. कबड्डीत लागलं असेल म्हणून बहिणीने हळद लावली. आमच्याच लॅबमध्ये सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) केली, तर मशीनने प्लेटलेट्स इतक्या कमी दाखवल्या की मी लगेच स्मिअर (काचेवर रक्ताचा पातळ थर) काढला, लिशमनच्या रंगाने रंगवला आणि मायक्रोस्कोपखाली घेतला. पांढऱ्या पेशी मोजक्याच होत्या, पण होत्या त्यातल्या बऱ्याच नको तेवढ्या मोठ्या, जांभळट-गुलाबी दाण्यांनी ठासून भरलेल्या. एकीत तर ऑवर रॉड्सची, म्हणजे अशा ल्युकेमियाच्या पेशीत दिसणाऱ्या काड्यांची, अख्खी जुडी पडलेली. आमच्या सरांनी डोळा लावला आणि खुर्चीतून न उठताच पुण्याला फोन केला. त्याच रात्री अँब्युलन्स निघाली.

तिथल्या डॉक्टरांनी जीनचा रिपोर्ट यायची वाट पाहिली नाही. नुसत्या संशयावर एट्राच्या, म्हणजे या आजारावरच्या औषधाच्या, कॅप्सूल सुरू केल्या. या आजारात रक्त गोठायची यंत्रणाच कोलमडते आणि पहिल्या काही दिवसांत मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस जाऊ शकतो. एकदा का ते दिवस निभावले, की पुढचा रस्ता बराच सरळ असतो.

आता तुमच्याबद्दल. 1960 साली फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना सीएमएलच्या (हळू वाढणाऱ्या एका ब्लड कॅन्सरच्या) रुग्णांत एक नेहमीपेक्षा छोटं क्रोमोसोम दिसलं. त्याचा उरलेला तुकडा गेला कुठे, हे मात्र कुणाला सांगता येईना. आणि एकूण मत असं की कॅन्सरच्या पेशीत क्रोमोसोमची मोडतोड होते ती रोगाच्या धुमाकुळात. आधी रोग, मग मोडतोड. त्यामुळे त्या मोडतोडीत डोकं घालून बसण्यात फारसा अर्थ नाही.

तुम्ही डोकं घातलंत. ऑक्सफर्डहून क्रोमोसोमवर पट्टे उमटवायची नवी रीत शिकून शिकागोला आलात आणि फोटो काढून, एकेक क्रोमोसोम कात्रीने कापून जोड्या लावायला लागलात. तेही घरच्या जेवणाच्या टेबलावर! आई कागदाच्या बाहुल्या खेळते म्हणून तुमची मुलं चेष्टा करायची, हे वाचून मला फार हसू आलं. चार मुलं, त्यामुळे कित्येक वर्षं अर्धवेळ नोकरी. बाई, मुलं लहान असताना मीही अर्धा दिवसच लॅबला जायचे आणि 'हे काय काम म्हणायचं?' असं बरंच ऐकून घेतलंय. त्यांच्यापैकी कुणाला तुमचं टेबल दाखवता आलं असतं तर बरं झालं असतं.

1972 मध्ये त्या टेबलावर तुम्हाला दिसलं की एका प्रकारच्या ल्युकेमियात 8 आणि 21 या क्रोमोसोमनी आपापले तुकडे अदलाबदल केलेत. मग सीएमएल : 22 चा हरवलेला तुकडा 9 ला चिकटलेला. तो शोध 1973 साली छापून आला. आणि 1977 मध्ये आमचा पंधरा-सतरा. एकाच आजाराच्या वेगवेगळ्या माणसांत तीच दोन क्रोमोसोम, त्याच जागी मोडलेली. धुमाकुळात झालेली मोडतोड इतकी नेमकी असत नाही. आज बायोप्सीतून जीन वाचून औषध ठरवतात, कॅन्सर जीनोमिक्स म्हणून मोठमोठे विभाग चालतात, त्यातली बरीचशी वाट या आग्रहातून निघाली असं मी मानते.

सीएमएलचं पुढे काय झालं ते आता बऱ्याच जणांना माहीत आहे. 9 आणि 22 च्या सांध्यातून जे भलतं प्रथिन तयार होतं त्यालाच धरणारी इमॅटिनिब 2001 मध्ये बाजारात आली. आमच्याकडे दर महिन्याला सीबीसीसाठी येणारे दोन-तीन काका आहेत. रोज गोळी घेतात, शेती बघतात, रिपोर्टला उशीर झाला की भांडतात.

पंधरा-सतराची गोष्ट मात्र मला जास्त आवडते, आणि तिच्यात तुमच्या शोधाला उगाच जास्त श्रेय देणार नाही. एट्रा काही तुमच्या शोधातून निघालं नाही. हा 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातला रेणू. शांघायमध्ये वांग झेन्यी यांनी 1985 साली तो पाच वर्षांच्या एका मुलीला दिला आणि ती बरी झाली. 1988 मध्ये त्यांनी 24 रुग्णांचा हिशेब मांडला, त्यांतल्या 23 जणांचा आजार नुसत्या एट्रावर हटला होता. का हटला, हे तेव्हा कळलेलं नव्हतं. 1990-91 च्या सुमारास वेगवेगळ्या गटांनी 17 वरची तुमची मोडलेली जागा उघडून पाहिली, तर तिथे कोणता जीन निघावा? त्याच 'अ' जीवनसत्त्वाच्या रेणूला पकडणाऱ्या रिसेप्टरचा!

हा रिसेप्टर एरवी डीएनएवर बसून पेशीला मोठं, म्हणजे पक्व, करणारे जीन चालू-बंद करतो. 15 वरच्या पीएमएल जीनशी त्याची मोट बांधली गेली की तयार होणाऱ्या जोडप्रथिनामुळे ते जीन बंदच राहतात आणि पेशी एकाच इयत्तेत वर्षानुवर्षं नापास होणाऱ्या पोरासारखी तिथेच बसून राहते, नुसती संख्या वाढवत. एट्राचा मोठा डोस मिळाला की ते जीन पुन्हा चालू होतात आणि पेशी मोठ्या होऊन आपल्या मरणाने मरतात. ज्यांना मारायचं त्यांना आधी वाढवायचं, हे औषध मी बावीस-पंचवीस वर्षांच्या नोकरीत दुसरं ऐकलेलं नाही.

मग आर्सेनिक. डॉक्टरांनी नाव सांगितलं तेव्हा मी आईला सरळ मराठीत सांगून मोकळी झाले. आई खुर्चीतून उठलीच. "सोमल? अगं, सोमल घालून माणसं मारायचे की गं! पोराच्या शिरेतून?" तिची समजूत घालायला डॉक्टरांना स्वतः यावं लागलं. हे औषध चीनमधल्या हार्बिनच्या डॉक्टरांनी 1970 च्या दशकात वापरायला घेतलं होतं, आणि ते त्याच जोडप्रथिनाच्या पंधराकडच्या अर्ध्या भागाला धरतं. एट्रा सतराकडून, सोमल पंधराकडून. तुम्ही दाखवलेल्या सांध्याच्या दोन्ही बाजू! रोज ईसीजी बघायचा, पोटॅशियम बघायचं आणि मग दोन तास सलाइन. पोराचे ओठ फुटले, डोकं ठणकायचं, मध्येच ताप आणि धाप लागली तेव्हा स्टेरॉइड द्यावं लागलं. केस मात्र गेले नाहीत, कारण केमोथेरपी लागलीच नाही. पांढऱ्या पेशी दहा हजारांच्या आत असलेल्यांना केमोशिवाय या दोनच औषधांवर ठेवता येतं, हे इटली-जर्मनीच्या चाचणीत दिसलं. दोन वर्षांनंतर त्यातले 97 टक्के रुग्ण आजाराशिवाय होते. ते निष्कर्ष 2013 च्या जुलैत छापून आले, तुम्ही असतानाच. तुमच्या वाचनात आले असतील अशी आशा आहे.

भाच्याला मी तुमच्याबद्दल सगळं सांगितलं. त्याने पहिला प्रश्न विचारला, "मावशी, यांना नोबेल कधी मिळालं?" मिळालं नाही म्हटल्यावर माझ्याहून जास्त तोच चिडला. 1998 चं वैद्यकातलं लास्कर पारितोषिक, 2009 मध्ये ओबामांच्या हस्ते मेडल ऑफ फ्रीडम, असं सगळं सांगून पाहिलं, पण त्याचं समाधान झालं नाही. माझंही होत नाही.

त्याचा डिप्लोमा पुरा झाला, चाकणला कंपनीत लागला आहे. आतापर्यंतचे पीसीआर (आजार उरलाय का हे बघणाऱ्या जीनच्या तपासण्या) निगेटिव्ह आले. पुढचा दिवाळीनंतर आहे, सॅम्पल मीच काढणार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
सांगलीची एक लॅब टेक्निशियन