लालबागच्या मावशींना, एका चिमटीबद्दल

मावशी, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. "नाव बीव नको, जाहिरात वाटते" असं तुम्हीच म्हणालात. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत डंखाशी, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्राशी, बसणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, तेव्हा हे कोणाला लिहिलंय ते तुम्हाला कळलं म्हणजे पुरे.

आईचा मसाला जमला. हे आधी सांगून टाकतो. आठ दिवस बरणी बांधून ठेवली होती, काल सोडली, आणि काळ्या वाटाण्याच्या उसळीत दोन चमचे घातला. घरातल्या कोणी काही बोललं नाही, सगळ्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

आईच्या वहीतलं ते पान तुम्ही पाहिलंत. मिरची १ शेर, धणे अर्धा शेर, खसखस आणि बडीशेप पाच-पाच तोळे, लवंग, मिरी, दालचिनी अडीच-अडीच तोळे. आणि मग खाली: दगडफूल ४ आण्यांचं, नागकेशर २ आण्यांचं, जायपत्री १ आण्याची. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले आणि आण्यांचा हिशेब संपला. शेर-तोळेही पुढच्या पाच वर्षांत गेले. म्हणजे पान मूळ आजीचं, आईने ते तसंच उतरवून घेतलेलं. तिला आण्यांची गरज नव्हती, तिचा हात बसलेला होता. आई गेल्या वर्षी गेली, आणि माझ्याकडे राहिले आणे.

तुमच्याकडे येण्याआधी कुठे कुठे फिरलो ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. नात्यातल्या एका सुगरणीने "अंदाजाने घाल रे" म्हणून फोन ठेवला. अंदाज उसना मिळत असता तर फोन कशाला केला असता? उपनगरातल्या एका दुकानात तयार सामानाची पिशवी हातात ठेवली. दगडफूल किती आहे विचारलं तर "सब बराबर है". शेवटी घराजवळच्या एका गिरणीत दळून आणला. दगडी जात्यावर, आधीच्या कोणाच्या तरी धण्यांवरच माझी मिरची ओतली. मसाला हातात आला तेव्हा पिशवी धरवत नव्हती इतका गरम. तसाच डब्यात भरला ही चूक माझी, पण एक शब्द सांगायला त्या माणसाचं काय जात होतं? झाकणाच्या आत वाफ धरली, पाणी खाली ओघळलं, आणि श्रावणात वर पांढरी जाळी. दोन किलो मसाला फेकला.

तुम्ही मात्र आधी पान वाचलंत, मग विचारलंत, "जुना मसाला उरलाय काय?" उरला होता. आईच्या शेवटच्या बरणीच्या तळातला, पुडीत बांधलेला, जेमतेम दीड चमचा. तुम्ही हात पदराला कोरडा पुसलात, पुडीतली एक चिमूट तळव्यावर घेतलीत, अंगठ्याने पसरलीत, नाकाशी नेलीत, डोळे मिटलेत. "दगडफूल चढा आसा, तिरफळ नाय," म्हणालात. माझ्या मनात, आता हात झटकणार. तुम्ही पुडी तळव्याखाली धरलीत आणि ती चिमूट बोटाने लोटून परत आत घातलीत. रेषांत अडकलेलं तेवढंही नखाने काढून. "शेवटचो आसा मां? मगे वाया कित्याक घालवूचो?"

मावशी, या पत्राचं कारण तेवढंच आहे. बाकीचं तुम्ही शिकवलंत त्याबद्दल आभार आहेतच, पण शिकवणारे आणखी कोणी भेटले असते. माझ्या आईचा चिमूटभर मसाला परत पुडीत घालणारं माणूस मला लालबागच्या फुटपाथवर, मे महिन्याच्या गर्दीत, मागे सात गिऱ्हाइकं उभी असताना भेटलं.

आता तुम्ही सांगितलेलं सगळं इथे मांडून ठेवतो. माझ्यासारखी आण्यांची पानं आणखी कोणाच्या कपाटात असतील.

शेराचा गुंता तुम्ही तोळ्यांवरून सोडवलात, ते मला फार आवडलं. पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम. पण जुन्या मुंबईच्या बाजारात चालणारा शेर याच्या निम्म्याहूनही हलका होता, आणि शेर हे धान्य मोजायचं मापही होतं. मग पानावरचा शेर कुठला? तुम्ही म्हणालात, खसखस बघा. हलका शेर धरला तर पाच तोळे खसखस मिरचीच्या पाचव्या हिश्श्याएवढी होते. एवढ्या खसखशीचा मसाला तेल सोडतो, त्याचे गोळे होतात, दोन महिन्यांत खवट. पक्क्या शेरात तीच खसखस सोळावा हिस्सा, म्हणजे बरोबर. तेव्हा शेराला किलो धरायचं, पाच तोळ्यांना साठ ग्रॅम, अडीच तोळ्यांना तीस.

आण्यांचं काय करायचं? मी तेव्हाच्या भावावरून वजन काढायचा उद्योग रात्रभर केला होता, तो तुम्ही हसून बाजूला सारलात. एक किलोचा मसाला कुटण्याआधी त्याचा दहावा हिस्सा करून बघायचा, हा तुमचा मार्ग. शंभर ग्रॅम मिरची, पन्नास धणे, बाकी सगळं त्याच मानाने, आणि दगडफुलाच्या तीन पुड्या: दोन, अडीच आणि तीन ग्रॅमची. खलबत्त्यात तीन वेगवेगळे वाटे. आईच्या पुडीशेजारी ठेवून वास घेतला तेव्हा तीन ग्रॅमवाला जुळला. नागकेशर एक ग्रॅम, जायपत्री अर्धा. यासाठी सोनाराचा काटा लागतो असं नाही, पाच ग्रॅमपासून नीट दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा असेल तर दहापट वजन करून त्याचे दहा समान ढीग पाडायचे.

मिरचीची निवड. किलोत ५०० ब्याडगी, ३०० संकेश्वरी, २०० काश्मिरी. ब्याडगी कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली, सुरकुतलेली, बिया कमी, रंग भरपूर आणि तिखट बेताचं. ठसका संकेश्वरीचा. नुसती ब्याडगी घातली तर रंग बघून लोक घाबरतात आणि जेवून हिरमुसतात. गेल्या वर्षीची मिरची ओळखायची ती देठावरून आणि रंगावरून: देठ तपकिरी पडलेला, साल निस्तेज, आतून बी काळपट. मोडून बघितल्यावर आत पांढरी बुरशी दिसली तर ते पोतं सोडून पुढे जायचं. ओला कापूस सालीवर घासून बघायचा, लाल उतरला तर वरून रंग दिलाय.

ऊन दोन दिवस, कडक. मुंबईत गच्ची मिळणं हाच पहिला मसाला, पण मिळाली तर चार वाजता मिरची आत घ्यायची, कारण समुद्राचा दमट वारा सुटला की दिवसभर वाळवलेलं संध्याकाळी परत ओलं होतं. वाळलेली मिरची हलवली की खुळखुळते आणि वाकवली की मोडते. वाकली तर नाही वाळली. देठं उन्हातून आणल्या आणल्या काढायची, तेव्हा कटकन तुटतात. आणि वजन देठं काढल्यावर करायचं. मी आधी करत होतो, म्हणून माझा गरम मसाला जास्त व्हायचा. हे तुम्ही ज्या सुरात सांगितलंत, तो सूर अजून कानात आहे.

भाजणं प्रत्येकाचं वेगळं. हळकुंड आणि खडा हिंग आधी तेलात तळायचा, फुलेपर्यंत, आणि हळकुंड गरम असतानाच बत्त्याने फोडून घ्यायचं, नाहीतर डंखात आख्खे तुकडे उड्या मारतात. धणे मंद आचेवर, रंग बदलून हलके लागेपर्यंत. लवंग, मिरी, दालचिनी, मसाला वेलची, चक्रीफूल थेंब-दोन थेंब तेलावर. नागकेशर आणि जायपत्री नुसती गरम करायची. जायपत्री करपली की कडू झाली. या जिन्नसांत खसखस सगळ्यात शेवटी, गॅस बंद करून, तापलेल्या कढईत, तेल न घालता. तिला जळायला दहा सेकंद पुरतात.

दगडफुलावर तुम्ही सर्वांत जास्त वेळ दिलात, आणि माझी गाडी तिथेच अडलेली होती. ते फूल नाही, दगडावर आणि झाडाच्या सालीवर वाढणारी बुरशी-शेवाळाची जोडगोळी. त्यामुळे त्यात सालीचे तुकडे आणि खडे असणारच. जाड चाळणीवर घासून घ्यायचं, साल वेचायची, पाण्याने धुवायचं मात्र नाही. कोरडं भाजलं तर मातकट, लाकडी वास राहतो, तो मसाल्यात पुढे वर्षभर हटत नाही. चमचाभर तेलात, मंद आचेवर, कडा काळसर होऊन कुरकुरीत होईपर्यंत परतलं की तो खोल, धुरकट वास सुटतो. आईच्या मटणाला जो वास यायचा आणि मी जो लवंगेत शोधत होतो, तो हा. वीस वर्षं चुकीच्या डब्यात नाक घालत होतो!

(जाता जाता: मिरी पाण्यात टाकून बघा ही तुमची सूचनाही कामाची. पपईच्या बिया तरंगतात, चांगली मिरी बुडते.)

मिरची या सगळ्यांनंतर भाजायची, नुसती कुरकुरीत होईतो, काळा डाग पडू न देता. मग सगळं पसरून पूर्ण गार. तुम्ही माझ्या परातीत हात घातलात आणि म्हणालात, अजून अर्धा तास. दुपारची वेळ, तुमच्या धंद्याची, आणि तुम्ही गिऱ्हाईक थांबवून ठेवलंत. गरम जिन्नस कुटले की मिरचीच्या बियांचं तेल सुटतं आणि पीठ डंखाला चिकटतं, हे मला तेव्हा कळलं. डंखात लोखंडी मुसळं वरून पडतात आणि उचलली जातात, घासत नाहीत. जात्यात दगडावर दगड फिरतो, मसाला तापतो, वास हवेत जातो. गल्लीभर दरवळ सुटतो तो आपल्या पैशाचा, एवढंच. आधीच्या गिऱ्हाइकाचा गोडा मसाला निघून जावा म्हणून तुम्ही माझीच मूठभर मिरची आधी कुटून ती वेगळ्या कागदात दिलीत आणि "ही भाजीला वापरा" म्हणालात. ज्या गिरणीत माझे दोन किलो गेले तिथे हे सुचलं नसतं असं नाही. मूठभर मिरचीपुरतंही कोणाला माझं पडलेलं नव्हतं.

चाळून आलेला जाडा भरडा पुन्हा डंखात. घरी आणून वर्तमानपत्रावर नाही, सुती कापडावर रात्रभर पसरला. चिनी मातीची बरणी उन्हात तापवून गार केली. तळाला हिंगाचे दोन खडे, मग मसाला मुठीने दाबत दाबत, हवा राहू न देता, वर पुन्हा हिंग, आणि तोंडाला कापडाचा दादरा बांधला. रोजच्या वापराचा छोटा डबा वेगळा, गॅसपासून लांब, चमचा कोरडा.

तुमच्या गल्लीत उभं असताना एक गोष्ट मनात येत होती. चक्रीफूल मूळचं दक्षिण चीन आणि व्हिएतनामकडचं, जायपत्री इंडोनेशियाच्या बांदा बेटांवरून जगात गेलेली, खसखस परवान्याने पिकणाऱ्या मध्य प्रदेश-राजस्थानातल्या शेतांतली, मिरची कर्नाटकची, आणि कुटणारे हात सिंधुदुर्गातले. १९८२च्या संपानंतर कापडगिरण्यांचे भोंगे थांबले, चिमण्यांच्या जागी काचेचे मनोरे आले, तरी कोकणातून आलेल्या या माणसांनी मसाल्याची ही एक गल्ली पकडून ठेवली. एवढा फिरून आलेला माल, आणि त्याची ओळख पटवायला शेवटी तुमचं नाक लागलं. त्या नाकाला कोणी पावती देत नाही. खलबत्त्यातल्या त्या तीन वाट्यांचे पैसे विचारले तर तुम्ही फक्त कुटणावळ सांगितलीत.

तुमच्यासाठी पाव किलोची बरणी काढून ठेवली आहे. गणपतीत लालबागला पाय ठेवायला जागा नसते, म्हणून त्याआधीच येईन.

एक शंका मात्र राहिली. वास जुळला, तिखट जुळलं, रंग अजून आईच्या मसाल्यापेक्षा एक पायरी उजळ आहे. तुम्ही म्हणालात की तीन महिन्यांत मुरून गडद होईल, नाहीतर मिरची भाजायला कमी पडली असेल. तेव्हा दिवाळीपर्यंत थांबतो. नाहीच झाला तर पुडी घेऊन पुन्हा येतो. तिच्यात अजून दीड चमचा आहे.