वेळ मोजायचा तर घराच्या उंबऱ्यापासून मोजा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

रॉकेटनं एका तासात जगात कुठंही, सुपरसॉनिक (आवाजापेक्षा वेगानं उडणारी) विमानं परत येणार, हायपरलूप (हवा काढलेल्या नळीतनं धावणारी गाडी) येणार असं हल्ली सारखं वाचायला मिळतं आणि मी ते आवडीनं वाचतो. पण वेळ सगळीकडं एअरपोर्ट ते एअरपोर्ट मोजलेला असतो. आमच्या विटा, खानापूर, आटपाडीकडच्या माणसाचा प्रवास तिथनं सुरू होत नाही हो. इकडची माणसं पूर्वीपासून गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यात केरळ, तमिळनाडू, बंगालला गेलेली, आता त्यांचीच पोरं आयटीत अमेरिका-जर्मनीला आहेत.

हिशोब बघा. मुंबई-न्यूयॉर्क डायरेक्ट फ्लाइट १५-१६ तास. विट्यातनं मुंबई एअरपोर्ट गाडीनं ७-८ तास, चेक-इनसाठी ३ तास आधी पोचायचं, खंबाटकी आणि लोणावळ्याच्या घाटात अडकलो तर काय म्हणून वरती अजून दोन-तीन तास हाताशी ठेवायचे, म्हणजे विमान जागचं हलायच्या आधीच आपले १२ तास गेले. कोल्हापूरहून विमान आहे, पण ते पुढच्या फ्लाइटला जुळलं तर उपयोग.

आणि वेगाचं म्हणाल तर तो काही नवीन नाही, काँकॉर्ड हे सुपरसॉनिक विमान १९७७ पासून २००३ पर्यंत लंडन-न्यूयॉर्क साडेतीन तासात जात होतं, पण शंभरच सीटा, तिकीट श्रीमंतांनाच परवडणारं, इंधन भरमसाट आणि आवाजाचा वेग ओलांडल्यावर खाली ऐकू येणाऱ्या स्फोटासारख्या आवाजामुळं पूर्ण वेगानं समुद्रावरच उडवायचं. आपण युरोपला जायचं तर खालनं बहुतेक जमीनच लागते, तिथं हा वेग कसा वापरणार? नासाचं एक्स-५९ विमान हा स्फोट कमी करायसाठीच बनवलंय, ते जमलं तर आपल्यासारख्यांना खरा फायदा. बूम या अमेरिकन कंपनीच्या नियोजित ओव्हर्चर या सुपरसॉनिक विमानाची रेंज ७,८०० किमीच्या आसपास आणि मुंबई-न्यूयॉर्क तर साडेबारा हजार, म्हणजे मधे उतरून इंधन भरणं आलंच. पुणे-मुंबई हायपरलूपचा २०१८ मध्ये केवढा गाजावाजा झाला, २५ मिनिटांत पोचणार म्हणून, ती बांधणार असलेली कंपनी २०२३ अखेर बंदच झाली. स्पेसएक्स या रॉकेट कंपनीच्या इलॉन मस्क यांनी २०१७ ला रॉकेटनं न्यूयॉर्क-शांघाय ३९ मिनिटं असा व्हिडिओ दाखवला, त्यातसुद्धा माणसं आधी बोटीनं समुद्रातल्या तळावर जातात. तो बोटीचा वेळ ३९ मिनिटांत धरलेला नाही! शिवाय रॉकेट सुटताना जो जोर अंगावर येतो तो सत्तरीतल्या आईवडिलांना झेपंल का, हा प्रश्न आहेच.

तरी मला हा वेग पाहिजे आणि मनापासून पाहिजे. आमच्या गल्लीतले एक काका वारले, मुलगा शिकागोला. बर्फाच्या पेटीत ठेवलेलं, भाऊबंद अंगणात बसलेले, थांबायचं का उरकायचं यावर हळू आवाजात बोलणं चाललेलं, एकजण मोबाईल हातात धरून मुलाला व्हिडिओवर दाखवतोय आणि रेंज सारखी जातीय. तिथनं तिकीट मिळून इथं पोचायला तिसरा दिवस उजाडणार होता. शेवटी पुतण्यानं अग्नी दिला, मुलगा आला तो सावडायला. अशा माणसाला वेगाची चैन नको असते, त्याला नुसतं वेळेत पोचायचं असतं. आणि तो रॉकेटनं तासाभरात मुंबईला उतरला असता तरी पुढचे ७-८ तास गाडीतच जाणार होते.

म्हणून विनंती एवढीच की अशा बातम्या छापताना सांगलीच्या माणसाला घरापासनं घरापर्यंत किती वेळ लागंल तेपण एका चौकटीत द्या. सांगलीजवळच्या कवलापूरला विमानतळ व्हावं ही आपल्या जिल्ह्याची किती जुनी मागणी आहे, तिचं पुढं काय झालं हे दर महिन्याला संबंधितांना विचारा, आणि ते जे उत्तर देतील ते रॉकेटच्या बातमीएवढ्याच मोठ्या अक्षरात छापा.

आपला,
एक नियमित वाचक, विटा (जि. सांगली)