मंगलाष्टकं पाठवतेय

न्यूरेंबर्ग, रविवार

ती. आई-बाबा आणि आजी यांना,
शि. सा. नमस्कार वि. वि.

मी इकडे मजेत आहे. जेवण वेळेवर, खोकला गेला, थंडीचा कोट घेतला आणि तो घालतेसुद्धा. ऑफिसचं तेच ते, फोनवर ऐकताच, म्हणून लिहीत बसत नाही. दादा हे छापून आणेल. आजीला त्यानेच मोठ्याने वाचून दाखवावं, बाबांनी नाही. बाबा मधली वाक्यं गाळतात.

धाकट्या चिऊच्या लग्नासाठी बाबांनी लिहिलेली मंगलाष्टकं मी इथे खोलीतच गाऊन रेकॉर्ड केली आहेत. आधी त्यासाठी घेतलेल्या माइकचं सांगते, म्हणजे आईचं समाधान होईल. "एवढे पैसे घालून माइक कशाला?" आई, एवढे म्हणजे किती ते तरी ऐकून घे. ऑडिओ-टेक्निकाचा एटी 2020 नावाचा कंडेन्सर माइक, शंभर युरोच्या आतबाहेर, म्हणजे आपले दहा हजार धर. बर्लिनच्या नॉयमान कंपनीने 1928 साली असे माइक बाजारात आणले. त्यांचा यू 87 हा 1967 पासून जगभरच्या स्टुडिओत आहे आणि आजही त्याला काही हजार युरो मोजावे लागतात. तो आणला असता तर तुझं बोलणं मी खाली मान घालून ऐकलं असतं. माइक लॅपटॉपला जोडायची डबी विकत घेतलेली नाही, ऑफिसातल्या एकाकडून मागून आणली आहे. हा "एक" म्हणजे नाशिकचा, लग्न झालेला, मुलगी पहिलीत आहे. त्याच्या बायकोने मला लिंबाचं लोणचंही दिलंय. झालं?

त्याच्याच गाडीतून आम्ही दुकानात गेलो. बाबा, तुम्हाला ते दुकान बघायला हवं होतं. बांबेर्गजवळ ट्रेपेनडॉर्फ म्हणून खेडं आहे, चहूकडे शेतं, आणि त्यात थोमान नावाचं वाद्यांचं अवाढव्य दुकान. 1954 पासून त्याच खेड्यात. अख्ख्या युरोपातून लोक तिथून गिटारी नि पियानो मागवतात. मी दुकानातल्या लोकांना आपल्या मिरजेच्या सतारमेकर गल्लीबद्दल सांगत होते, की आमच्याकडे तंबोऱ्याचा भोपळा निवडण्यापासून सगळं एकाच गल्लीत होतं. काउंटरवरच्या माणसाने ऐकून घेतलं, मग विचारलं, खोलीला गालिचा आहे का? मी नाही म्हटलं. तर म्हणाला, मग आधी खोलीचं बघा, माइकचं नंतर.

त्याचं खरं होतं. हा माइक फार तिखट कानांचा आहे. आत धातूचा मुलामा दिलेला पातळ पडदा असतो, फक्त 16 मिलिमीटरचा, आणि त्याच्या मागे अगदी जवळ एक पत्रा. आवाजाने पडदा हलला की दोघांतलं अंतर बदलतं आणि त्याचीच वीज होते. दादाच्या भजनी मंडळातल्या माइकला तोंड लावून ओरडावं लागतं, इथे पलीकडच्या खोलीतला फ्रीजसुद्धा गातो. पहिलं रेकॉर्डिंग लावलं तर त्यात मी होते, फ्रीज होता, हीटरची टकटक होती आणि वरच्या मजल्यावरच्या माणसाच्या चपला होत्या. आता गाताना फ्रीजचं बटण बंद करते. आई, अर्ध्या तासाने दूध नासत नाही.

हा माइक समोरचं ऐकतो, पाठीमागचं जवळजवळ नाही. म्हणून त्याची पाठ खिडकीकडे केली. आणि माझ्या पाठीमागे, कपाटाच्या दारावर, आजीची गोधडी टांगली. भिंतीवर आपटून आवाज परत येतो तो त्या गोधडीत मरतो. आजी, तू म्हणाली होतीस ना, परदेशात गोधडी कोण वापरतं, ब्लँकेट ने. बघ, वापरतेय. दुसरी वस्तूही तुझीच, भरतकामाची लाकडी रिंग. तिच्यावर नायलॉनचा मोजा ताणून बसवला आणि माइकपुढे चार बोटांवर धरला. "शुभ"मधला भ आणि "फुले"मधला फ तोंडातून वारा सोडतात नि माइकमध्ये धप्प होतं. मोज्यातून तो वारा गाळून जातो. दुकानात हीच वस्तू पैसे देऊन मिळते, घेतली नाही.

माइकपासून तोंड एक वीत लांब. त्याहून जवळ गेलं की आवाज उगाच जाड होतो, लांब गेलं की खोली ऐकू येते. तंबोरा मोबाइलवरचा, काळी चार पट्टीतला, फक्त कानातल्या हेडफोनमध्ये. बाबा, मोबाइलवरचा तंबोरा म्हटल्यावर तुमचा चेहरा कसा झाला असेल ते मला इथून दिसतंय. मिरजेतून निघताना विमानात तंबोरा चढवू दिला असता तर आणला असता.

तुम्ही विचारलंत, स्वस्त माइकचा आवाज डब्यातून आल्यासारखा येतो का. नाही येत. दोन खोड्या आहेत. एक म्हणजे त्याची स्वतःची बारीक सूं सूं, 20 डेसिबल असं कागदावरच छापलेलं आहे. चांगल्या माइकांत ती चार-पाचवर येते. हळू आलापी करायची तर ही सूं सूं बोचेल, मंगलाष्टकं खड्या आवाजात असतात, त्यांत ती बुडून जाते. दुसरी म्हणजे स आणि श जरा टोचतात, "सावधान"चा तर फारच. माइक किंचित तिरका केला, बराच फरक पडला. एकूण पैसा वसूल. पण दादाने मंडळासाठी असला माइक घेऊ नये, हे त्याला नीट सांगा. त्याला 48 व्होल्टची वीज लागते ती जुन्या अॅम्प्लिफायरमधून मिळत नाही, आणि आपल्या घरात लावला तर जंक्शनचे सगळे भोंगे भजनात येतील. तिथे बाहेरून वीज न लागणारा साधा डायनॅमिक माइकच बरा.

आता शेजाऱ्यांचं. "शेजारी पोलीस बोलावतील" ही आईची भीती अगदीच बिनबुडाची नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इथे आवाजालाही वेळापत्रक आहे. जिन्यात इमारतीच्या नियमांचा कागद लावलाय. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. दुपारी एक ते तीन शांतता. आणि रविवारी दिवसभर. रविवारी ड्रिल मशीन नाही, खिळा ठोकायचा नाही, गवत कापायचं यंत्र नाही, कपडे धुवायचं मशीनही बरेच जण लावत नाहीत. दुकानं बंद. काचेच्या बाटल्या टाकायला कोपऱ्यावर मोठाले डबे आहेत, पांढरी, तपकिरी आणि हिरवी काच वेगवेगळी. त्यांच्यावरही वेळ लिहिलेली आहे आणि रविवारी त्यांत बाटली टाकायची नाही, कारण फुटताना आवाज होतो! बाटल्यांची पिशवी घेऊन आलेला माणूस वार आठवून तशीच पिशवी घेऊन परत जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. चटणी मी शनिवारीच वाटून ठेवते. मिक्सरला कोणी काही म्हणालेलं नाही, पण त्या शांततेत तो लावायला हातच धजत नाही.

मला आधी वाटलं, म्हाताऱ्या माणसांच्या हट्टापायी हे चाललंय. पण हे त्यांच्या घटनेतच आहे. 1919 च्या वायमार घटनेत लिहिलं होतं की रविवार हा कामापासून विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून कायद्याने जपला जाईल, आणि ते कलम 1949 च्या घटनेतही जसंच्या तसं घेतलं. आता गंमत बघा. एवढी सगळी शांतता, आणि आमच्या गल्लीच्या टोकाचं चर्च रविवारी सकाळी घंटा बडवतं ती थांबतच नाही. तिला हा नियम नाही. दोन घंटांच्या मधे जी शांतता मिळते ती मात्र अशी, की तसं रेकॉर्डिंग मिरजेत पहाटे तीनलाही जमणार नाही.

मग रविवारी गाणं चालतं का? चालतं. बाबा, हे तुमच्यासाठी. ऑग्सबर्गच्या एका ट्रंपेट वाजवणाऱ्यावर शेजाऱ्यांनी खटला भरला होता, तो कार्ल्सरूहच्या संघीय न्यायालयापर्यंत गेला. 2018 साली निकाल लागला. घरात वाद्य वाजवणं हा राहण्याचाच भाग आहे, त्यावर सरसकट बंदी घालता येणार नाही. एरवी रोज दोन-तीन तास आणि रविवारी-सुट्टीला एक-दोन तास असा साधारण अंदाज धरावा, दुपारची आणि रात्रीची शांतता पाळावी. ट्रंपेट चालतो तर मंगलाष्टकं का नाही?

तरीही मी खालच्या मजल्यावरच्या आजींना आधी जाऊन सांगून आले, सोबत नारळाच्या वड्या नेल्या. धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी गातेय म्हटल्यावर त्यांनी खूप चौकशी केली, किती दिवस लग्न, किती माणसं. सातशे ऐकून त्या खुर्चीत बसल्या. तू कधी निघणार, असंही विचारलं. मी म्हटलं, बघू.

वड्या चांगल्या झाल्या होत्या, आई. तू सांगितलंस तसं दूध घातलं.

बाबा, तुमची अष्टकं छान उतरली आहेत. शार्दूलविक्रीडित म्हणजे ओळीला एकोणीस अक्षरं, त्यात बाराव्या अक्षरावर थांबायचं, तिथे मी श्वास घेते, आणि हा माइक तो श्वासही पकडतो. आधी श्वास कापून टाकायचा विचार होता, मग राहू दिले. दुसऱ्या अष्टकाच्या पहिल्या ओळीत वीस अक्षरं भरतात, मी "हा" गाळलाय, अर्थ बिघडत नाही. चिऊचं आणि जावईबापूंचं नाव बसवलंय ते अष्टक सगळ्यांत चांगलं आलं. अडचण पाचव्याची आहे. त्यातल्या तिसऱ्या ओळीचा शेवट तुम्ही "ताई उभी मांडवी" असा केलाय.

आता ते सांगायलाच हवं. फोनवर मी दर वेळी "बघते" म्हणत आले आणि आईने पुढे विचारलं नाही. माझं येणं जमत नाही. रजा मिळाली होती. पण राहण्याच्या परवान्याची मुदत लग्नाच्या आधी संपते आणि नव्यासाठी तारीख मिळाली ती नेमकी हळदीच्या दिवशीची. बदलून मागितली, मिळाली नाही. नवं कार्ड हातात नसताना देश सोडला तर परत येताना अडकायला होईल, आणि नोकरीचं एक वर्षही भरलेलं नाही. चिऊला मीच सांगेन, तुम्ही सांगू नका. मुहूर्त पुढे ढकलण्याचं मनातही आणू नका. मुलाकडच्या मंडळींचा यात काय दोष.

मावशी विचारणार, मोठी का नाही आली, धाकटीचं आधी झालं म्हणून रुसली का. तिला सांगा, सरकारी काम. यापेक्षा जास्त सांगू नका. मी रुसलेले नाही. चिऊसाठी मुलगा तर मीच आधी पसंत केला होता.

तिकिटासाठी बाजूला काढलेले पैसे बाबांच्या खात्यात टाकलेत, बुधवारपर्यंत दिसतील. आचाऱ्याचं उरलेलं त्यातून द्या. आजीच्या पाटल्या मोडायच्या नाहीत, हे मी दादालाही वेगळं सांगितलंय. शिक्षणकर्जाचा हप्ता नेहमीसारखा जाईल, त्याला धक्का नाही. म्हणून म्हणते, माइकचे पैसे माझ्या जेवणातून गेलेले नाहीत.

कराडच्या स्थळाचं म्हणाल तर पत्रिका पाठवायला माझी ना नाही. फक्त मुलगी नोकरी सोडणार नाही हे आधी सांगा आणि मग पत्रिका द्या, उलट्या क्रमाने नको. आणि चिऊच्या लग्नात त्यांना मुद्दाम बोलावू नका. मी नसताना ते कोणाला बघणार?

पुढच्या वर्षी गणपतीला नक्की येते. नक्की म्हणजे नक्की, या वेळी "बघते" नाही.

आजीच्या गुडघ्याला तेल लावा. थंडी वाढली असेल.

तुमची,
थोरली

ता. क. बाबा, "मामा उभे मांडवी" असंही वृत्तात चपखल बसतं, गुरू-लघू सगळे तेच, आणि मामा तसेही चिऊच्या मागे उभे असणारच. मी ते अष्टक दोन्ही प्रकारे गाऊन ठेवलंय. कुठलं लावायचं ते तुम्ही आणि आई ठरवा. दादासाठी, फाइली व्हॉट्सअॅपवरून पुढे पाठवू नकोस, आवाज खालावू शकतो. लिंकवरून उतरवून पेन ड्राइव्हवर घे. एका फाइलचं नाव "मामा" आहे, दुसरीचं "ताई". साउंडवाल्याला ठरलेली एकच दे. दोन्ही दिल्यास तर तो ऐन मुहूर्ताला भलतीच लावेल.