काकाजी, व्हॉल्व्ह अडकलेला नव्हता

आदरणीय काकाजी,

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "झालं ना, मंग सोड" म्हणून फोन ठेवता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, इथे तुम्हाला मधेच तोडता येणार नाही. नाव मात्र घेत नाही, तेवढं तुमचं ऐकते.

एप्रिलचा शेवट होता. नागपुरात कळमन्याजवळचं आमचं कोल्ड स्टोरेज मिरचीनं गच्च भरलेलं. बाहेर ४४, त्यामुळे कॉम्प्रेसरला उसंत नाही. हवा जेव्हा सगळ्यात तापलेली, नेमका तेव्हाच ट्रान्सफॉर्मरवर सगळ्यात जास्त लोड. १००० केव्हीएचा तो ट्रान्सफॉर्मर, दुपारी तीनला वाइंडिंगचा, म्हणजे आतल्या तारांच्या वेटोळ्यांचं तापमान दाखवणारा, काटा ८८ वर. ९० ला अलार्म, १०० ला ट्रिप, म्हणजे सगळं बंद. ट्रान्सफॉर्मरचं तेल निववणाऱ्या रेडिएटरखाली कंत्राटदारानं नुकतेच चार पंखे बसवून दिले होते. चारही गरगर फिरत होते आणि काटा काही खाली यायला तयार नव्हता. मालक म्हणाले, अजून दोन पंखे आणा. एकानं सुचवलं पाइपनं पाणी मारा, म्हणजे अकरा हजार व्होल्टच्या तारा जिथून आत जातात त्या बुशिंगवर! मी बाबांना फोन केला, बाबांनी तुम्हाला.

तुम्ही लुनावर आलात, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला. आधी पाणी प्यालात, मग सावलीत उकिडवे बसून नुसते पाहत राहिलात. मला वाटलं, आता मीटर मागाल. तुम्ही विचारलंत, "घरी मे महिन्यात सीलिंग फॅन लावते का?"

"नाही काकाजी, गरम हवा फेकतो. कूलर लावतो."

"मंग या बिचाऱ्याले पंखा काहून?"

मी गप्प. तुम्हीच म्हणालात, "आपलं अंग ३७. आपल्याले ४५ ची हवा भाजते. याचं तेल ८० वर हाय. याच्यासाठी ४५ ची हवा म्हणजे डिसेंबर."

कॉलेजात मी ओनान आणि ओनाफ या ट्रान्सफॉर्मर थंड करायच्या दोन पद्धती पाठ केल्या होत्या: तेल आपोआप वर चढतं, रेडिएटरमधून निवत खाली येतं, पंखा लावला की हवा ढकलली जाते. पण पंख्याला तेल हवेपेक्षा थंड करताच येत नाही, तो फक्त मधला फरक लवकर मिटवतो, हे या एका वाक्यानं डोक्यात बसलं.

मग तुम्ही पेपरची पट्टी फाडून काडीला बांधलीत आणि एकेका पंख्याच्या जाळीजवळ धरलीत. दोन ठिकाणी पट्टी वर उडाली, दोन ठिकाणी खाली ओढली गेली. दोन पंखे उलटे! तीन फेजची मोटर, दोन तारांची अदलाबदल झाली की उलटी फिरते, आणि फिरताना डोळ्याला काही कळत नाही. शेजारचे दोन हवा वर ढकलत होते, हे दोघं तीच तापलेली हवा खाली ओढत होते. "पंखा फिरून राह्यला म्हणजे हवा चालून राह्यली असं नसते पोरी." दिशेचा बाण पंख्याच्या अंगावरच होता, रंगाखाली गेलेला. फिन्समधली, म्हणजे रेडिएटरच्या पत्र्यांमधली, धूळ तर विचारूच नका.

आणि मग तुम्ही चारही रेडिएटरजवळ तळहात नेलात. तीन धगधगत होते. चौथा उन्हानं तापला होता तेवढाच. तेलाची वाट उघडणाऱ्या त्याच्या खालच्या व्हॉल्व्हकडे तुम्ही पाहिलंत, मग माझ्याकडे.

तिथल्या तिथे उघडू म्हटलं तर तुम्ही हात धरलात. आत हवा अडकली असेल तर ती बुखोल्झ रिलेत, म्हणजे तेलात हवा साठली की अलार्म देणाऱ्या यंत्रात, जाऊन बसेल. रविवारी पहाटे रीतसर शटडाउन घेतलं, अर्थिंग केलं, व्हॉल्व्ह हळूहळू उघडला, वरच्या प्लगमधून हवा काढली, तेल आलं तेव्हाच प्लग आवळला. पंख्यांच्या तारा बदलल्या. पंखे आता हातानं नाही, वाइंडिंगच्या काट्यावर चालतात: ७० ला सुरू, ६० ला बंद. तेलाच्या काट्यावर का नको? तेल तापायला तास लागतात, वाइंडिंगला मिनिटं. तो काटा खरं तर वाइंडिंगला हात लावतच नाही, करंटनुसार तापणाऱ्या छोट्या हीटरवरून अंदाज बांधतो, हेही मला तेव्हाच नीट कळलं. सोमवारी दुपारी तीनला काटा ७६ वर होता. वाइंडिंगचा सगळ्यात तापलेला भाग साधारण ६ अंशांनी जास्त तापला की आतल्या तारांवरच्या इन्सुलेशनच्या कागदाचं आयुष्य अर्ध्यावर येतं. १२ अंश म्हणजे किती, हे मी मालकांना कागदावर मांडून दाखवलं.

निघताना दोन गोष्टी बजावल्यात. हिवाळ्यातही आठवड्यातून दहा मिनिटं पंखे चालवायचे, नाहीतर बेअरिंग धरतं. आणि पंखे आहेत म्हणून बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय लोड वाढवायचा नाही. पैसे घेतले नाहीत. तर्री पोहे मात्र दोन प्लेट झाले.

आता जे लिहायला बसले ते. मालकांनी विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलंत, "व्हॉल्व्ह अडकला होता." काकाजी, तो अडकलेला नव्हता. फेब्रुवारीत तेलाचं फिल्ट्रेशन झालं, तेव्हा तो बंद केला होता. काम झाल्यावर उघडून पाहायची जबाबदारी माझी होती, आणि कागदावर "सर्व व्हॉल्व्ह उघडे" या ओळीपुढे सही माझी आहे. मी न पाहता केली होती. तुम्हाला पाना लावल्या क्षणीच कळलं असणार, तो लोण्यासारखा फिरला.

त्या दिवशी तुम्ही मला वाचवलंत, त्याचे आभार. पण ते झाकलेलं मला रोज टोचत होतं, म्हणून परवा मालकांना सगळं सांगून टाकलं. ते हसले. म्हणाले, "मले तेव्हाच समजलं होतं. काकाजीले खोटं बोलता येते कुठं? बोलताना पोह्याच्या प्लेटकडे पाहून राह्यले होते."

तुमची,
बाबांची धाकटी